अमलात आलेली एकच शिफारस

माजी सैनिकांच्या जिल्हा सल्लागार समितीवर मला घेतलं ते माझा नवरा लढाईत मेला म्हणून. दुसरी कसली लायकी माझ्याकडे नव्हती. एकाहत्तरच्या लढाईत तो पश्चिमेच्या सरहद्दीवर गेला आणि मी अड्याळजवळच्या आमच्या गावात सासू-सासऱ्यांपाशी राहिले. सातवी शिकले होते, म्हणून पुढे बालवाडीत शिकवायला लागले. काही वर्षांनी गावचा कोतवाल निरोप घेऊन आला, की समितीवर एक वीरपत्नी घ्यायची आहे आणि तुमचं नाव वर गेलं आहे.

सासऱ्यांना फार आनंद झाला. छप्पन सालानंतर आमच्या वस्तीनं बुद्धाचा धम्म घेतला तेव्हा ते सगळ्यांच्या पुढे होते. मुलगा पलटणीत गेला याचा त्यांना अभिमान होता आणि तो परत आला नाही याबद्दल ते कधीच बोलत नसत. त्या दिवशी मात्र अंगणात बसून म्हणाले, "पोरी, आजपर्यंत सरकारनं आपल्याले सांगतलं. आता तू सरकारले सांगशीन."

"मी काय सांगू मामाजी?"

"जे दिसन ते सांग. भेऊ नको."

विहारात वंदनेला नेसायची पांढरी साडी नेसून मी भंडाऱ्याच्या गाडीत बसले. कलेक्टर कचेरीतल्या एका लांबट खोलीत बैठक होती. अध्यक्षस्थानी कलेक्टर. त्यांच्या शेजारी समितीचे सचिव, एक निवृत्त मेजर, पाठ ताठ आणि बोलणं मोजकं. एक म्हातारे सुभेदार होते, ब्रह्मदेशात लढून आलेले. राइस मिलचे एक मालक होते, ध्वजदिनाला सढळ हातानं देतात म्हणून घेतलेले. आणखी एक-दोन अधिकारी येत-जात असत. बाई मी एकटीच. चहा आला, बिस्किटं आली, आणि मेजरसाहेबांनी मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचायला सुरुवात केली. त्यातलं प्रत्येक वाक्य "समिती शिफारस करते की" असं सुरू होत होतं.

बैठक संपल्यावर मी त्यांना धीर करून विचारलं, "साहेब, शिफारस म्हणजे ते काम झालं का?"

"नाही बाई. आपली समिती सल्लागार आहे. आपण सांगायचं. करणारे वेगळे."

"अन् त्यांनी नाही केलं तर?"

"तर पुढच्या बैठकीत पुन्हा सांगायचं," ते म्हणाले. थट्टा करत नव्हते.

बाहेर व्हरांड्यात माणसं बसलेली असत. तेव्हा गोंदियाकडचा सगळा मुलूख आमच्याच जिल्ह्यात होता. सालेकसा, देवरी इतक्या लांबून माणसं आदल्या दिवशी निघून येत. विटलेल्या कोटावर पदकं लावून, टोपी गुडघ्यावर ठेवून भिंतीला टेकून बसत. आम्ही बाहेर पडलो की सगळे उठून उभे राहत. आम्हालाच ते सरकार समजत. कुणाला कबूल केलेली जमीन मिळाली नव्हती. कुणाच्या मुलाला वसतिगृहात जागा हवी होती. कुणाचा पाय कापलेला होता आणि लाकडी पाय घासून घासून जखम झाली होती. आम्ही सगळ्यांसाठी शिफारशी केल्या. दोन-तीन वर्षं मी त्या बैठकांना गेले, पण एकही शिफारस पुरी झालेली पाहिली नाही. घरी सासरे विचारत, "काय सांगतलं आज सरकारले?" मी सांगे. ते मान हलवत. हळूहळू त्यांनी विचारणं सोडून दिलं.

मग ती आली.

सिहोऱ्याकडच्या एका खेड्यातली होती. माझ्याहून थोडी लहान असेल. कपाळभर कुंकू, पायात रबरी चपला. मागून नवरा चालत होता. उंच, सडपातळ माणूस. दोन्ही हात धड, दोन्ही पाय धड. तो व्हरांड्यातल्या एका खांबापाशी उभा राहिला आणि शेवटपर्यंत तसाच उभा होता.

बाईमाणूस म्हणून तिनं मला गाठलं. "बाई, तुमी आत बसता ना? याईले काई तरी काम मिळवून द्या."

"भाऊ काय करतात आता?"

"काईच नाई. लढाईवरून आले तसे धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर जाऊन बसतेत. रोवण्यात हात लावत नाई. बोलत नाई. झोपत नाई. गावचे लोक म्हणतेत, बाहेरचं लागलं. मी दोनदा उतरवून आणलं." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "मले वाटते, त्याईले वर्दीचं काम पाहिजे. ती जुनी वर्दी रोज उशीखाली ठेवून घडी पाडतेत. अंगावर वर्दी आली तर उठून उभे रायतीन."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मला ओळख नसताना कडक सलाम ठोकला. एवढा साधा उपाय असेल तर का करू नये, असं मला वाटलं. आत मी तिचं म्हणणं मांडलं. तेव्हाचे कलेक्टर तरुण होते, नुकतेच आलेले होते. त्यांना शिफारस या शब्दाचा अजून कंटाळा यायचा होता. ते म्हणाले, "तुमसरच्या वर मॅंगनीजची खाण आहे, तिथं फाटकावर चौकीदार हवा आहे. माजी सैनिक असला तर बरंच." त्यांनी तिथंच फोन मागवला. बराच वेळ खरखर झाली, मग पलीकडून कुणी तरी बोललं, आणि काम झालं.

सुभेदारांनी टेबलावर हात आपटला. मिलच्या मालकांनी दुसऱ्यांदा चहा मागवला. मेजरसाहेबांना मी तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं. बाहेर जाऊन मी तिला सांगितलं तर तिनं माझे दोन्ही हात धरले आणि नुसती रडायला लागली. तो खांबापाशी उभा होता. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, मीही नाही.

त्या संध्याकाळी एसटी स्टँडवर मी एकटीच बाकावर बसले होते आणि माझ्या नवऱ्याशी मनातल्या मनात बोलत होते. तो गेल्यापासून तसं कधी बोलले नव्हते. मी त्याला म्हटलं, तुझ्यामुळे एका घरात चूल पेटली बघ.

पुढच्या बैठकीला ती एकटीच आली. माझ्यासाठी चिन्नोर जातीचे वासाचे तांदूळ घेऊन आली होती. खाणीच्या वसाहतीत खोली मिळाली, दाराशी नळ आहे, दोन्ही पोरं शाळेत जातात, असं सगळं एका दमात सांगून म्हणाली, "एकदा येऊन पाहा बाई. तुमच्यामुळं झालं."

बालवाडीला सुटी लागली तेव्हा मी गेले. तुमसरला गाडी बदलून, सागाच्या रानातून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी धूळ बसलेली होती. फाटकावर तो उभा होता, खाकी कपड्यांत, पट्टा घासून चकचकीत केलेला. मला पाहून टाच आपटून सलाम केला आणि चक्क हसला. मला बरं वाटलं. तिची खोली फाटकासमोरच होती. तिनं मला खाटेवर बसवलं, पितळी गडव्यात पाणी दिलं, विजेचा दिवा लावून दाखवला. भर दुपारी.

आम्ही बोलत असताना भोंगा वाजला. लांब, एकसारखा. ती बोलायची थांबली आणि उठून दार लोटायला गेली. पण त्याआधीच मी बाहेर पाहिलं होतं. थोड्या वेळानं जमिनीच्या आत खोल कुठे तरी काही फुटल्यासारखं झालं. आवाज फार मोठा नव्हता. फळीवरची भांडी थरथरली, माझ्या पायांना ते कळलं, एवढंच. आणि फाटकापाशी तो पालथा पडलेला होता. तोंड मातीत, दोन्ही हात डोक्यावर, गुडघे पोटाशी घेतलेले. पुन्हा एक धक्का बसला. त्याचं अंग त्याबरोबर उडालं. पाळी संपवून निघालेले कामगार त्याला वळसा घालून जात होते. एकदोघे हसले. बाकीच्यांना सवय झाली असावी.

सगळं शांत झाल्यावर तो उठला. गुडघ्यावरची धूळ झटकली, टोपी शोधून डोक्यावर ठेवली आणि परत ताठ उभा राहिला.

"रोज होते का?" मी विचारलं.

"रोजच. पाळी बदलली का सुरुंग लागतेत." ती खाली बसली. "गावात असं नाई होये बाई. तिथं आवाजच नाई ना कशाचा. आता मले याद येते, दिवाळीत ते रानात निघून जायेत. अंधार पडल्यावर येत. मले वाटे, फटाक्याचा राग येत असन."

"मग काम सोडायला सांग त्यांना."

"सोडलं तर खोली जाईन. पोरं शाळेत जाऊन राहिले." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "अन् मी कसं सांगू? मीच तर मागतलं."

निघताना मी त्याच्यापाशी थांबले. "भाऊ, समितीला सांगून दुसरीकडे बदली मागू का? शाळेवर, दवाखान्यावर, जिथं आवाज नसेल अशा ठिकाणी?"

त्यानं कमरेचा पट्टा सारखा केला. मग अगदी समजूतदार माणसासारखा म्हणाला, "नाई बाई. खंदकात होतो तवा गोळा कवा येईन ते कळत नव्हतं. बाजूच्या खंदकात आला, माह्यावर नाई आला. गावात आल्यावरबी मी वाटच पाहून राहिलो होतो. इथं भोंगा तरी वाजते."

गाडीत मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, बरं नाही का? माझ्या नवऱ्याचा शेवट कसा झाला हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आलेल्या तारेत ते नव्हतं आणि त्याच्या पलटणीतलं कुणी आमच्या गावापर्यंत आलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, की न सांगितलं तेच ठीक.

यानंतरच्या बैठकीची मी फार वाट पाहिली. पण मध्ये निवडणूक आली, बैठक पुढे गेली. तरुण कलेक्टरांची बदली झाली. नवे साहेब आले त्यांना कामं समजून घ्यायला वेळ लागला. शेवटी बैठक झाली तेव्हा मी उभी राहिले आणि जे पाहिलं ते सगळं सांगितलं.

मिलचे मालक खरोखर गोंधळून म्हणाले, "पण बाई, त्याला झालंय काय? हात धड, पाय धड. नोकरी दिली, खोली दिली."

"त्याला फौजेच्या मोठ्या दवाखान्यात पाठवावं," मी म्हटलं.

मेजरसाहेबांनी कागदांवरून नजर न उचलता सांगितलं, की त्याची नोंद जखमी म्हणून नाही. तो धडधाकट अवस्थेत घरी आलेला आहे. त्यामुळे फौजेच्या दवाखान्याचा हक्क लागू होत नाही. मग समितीनं शिफारस केली, की संबंधिताची आवश्यक ती वैद्यकीय तपासणी करण्यात यावी. तपासणी झाली, पण नावापुरती. डॉक्टरांनी छाती पाहिली, जीभ पाहिली, शक्तीच्या गोळ्या दिल्या. ते तरी काय करणार? अशा दुखण्याचं नावसुद्धा तेव्हा आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या बैठकीनंतर मेजरसाहेब माझ्याबरोबर कचेरीच्या फाटकापर्यंत आले. असं ते कधी करत नसत. रस्त्यावरून ट्रक जात होते. ते म्हणाले, "बाई, ट्रकचा धडाका ऐकला की मी अजूनही भिंतीला चिकटतो. माझ्या बायकोला माहीत आहे. दुसऱ्या कुणाला नाही."

मी थांबले. "मग आत काहून नाही बोललात साहेब?"

"आत बोललो असतो तर त्याचं काही झालं नसतं. माझं मात्र झालं असतं." त्यांनी मला नमस्कार केला आणि सायकलवर बसून निघून गेले. मला त्यांचा राग आला होता. पण पाठमोरे, हळूहळू पॅडल मारत जाताना ते इतके म्हातारे दिसले, की तो राग टिकला नाही.

पुढे प्रत्येक बैठकीत मी तेच बोलले आणि प्रत्येक वेळी पाठपुरावा करण्याचं ठरलं. माझं बोलणं सुरू झालं की मिलचे मालक घड्याळाकडे पाहत. सुभेदार एकदा म्हणाले, "बेटी, आपण विहिरीत ओरडून राहिलो." त्यानंतर ते आजारी पडले आणि त्यांची खुर्ची रिकामी राहू लागली.

मग एका उन्हाळ्यात तो निघून गेला. दुपारची वेळ होती. फाटक बंद करून, किल्ल्या खिळ्याला लावून तो रस्त्याला लागला. वर्दी अंगावर होती. कुणी म्हणालं बालाघाटच्या रानाकडे गेला, कुणी म्हणालं तुमसरच्या टेसनावर पाहिला. त्या दिवशी वेगळं काही घडलं नव्हतं. भांडण नाही, कुणी टोचून बोललं नाही. सकाळी त्यानं धाकट्याच्या पाटीवर बाराखडी काढून दिली होती.

बावनथडीच्या पात्रात शोधलं, विहिरी पाहिल्या, तिचे भाऊ रामटेकपर्यंत जाऊन आले. काही सापडलं नाही.

खोली सोडावी लागली. ती पोरांना घेऊन माहेरी गेली आणि पुढच्या बैठकीला भंडाऱ्याला आली. नेहमीसारखी कपाळभर कुंकू लावून व्हरांड्यात बसली. आत मी म्हटलं, या बाईला वीरपत्नीसारखा काही आधार मिळावा. नवे कलेक्टर वाईट नव्हते. त्यांनी विचारून घेतलं. पण ती कशातच बसत नव्हती. नवरा लढाईत मेला नव्हता. नोकरीवर मेला नव्हता. मेलाच नव्हता. बेपत्ता माणूस कायद्यानं मेला म्हणायला सात वर्षं जावी लागतात, असं एका अधिकाऱ्यानं सांगितलं. आणि तेव्हासुद्धा तो फौजेतला नव्हे, खाणीवरचा चौकीदार म्हणून गेलेला धरतील. समितीनं त्याचा शोध घेण्याची शिफारस केली.

मी बाहेर येऊन तिला जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत समजावलं. तिनं नीट ऐकून घेतलं. रडली नाही. मग म्हणाली, "तुमचं बरं बाई. तुमाले तार तरी आली."

तिच्या बोलण्यात हेवा नव्हता, कडवटपणाही नव्हता. जे होतं ते तिनं सांगितलं. मी तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसले. व्हरांड्यातले बाकीचे लोक आपापले कागद धरून बसले होते. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, तिची गाडी निघायची वेळ होईपर्यंत.

मी आणखी काही काळ समितीवर होते. दर सव्वीस जानेवारीला पहिल्या रांगेत बसवून शाल-नारळ देत. त्या शालींचं सासूबाईंनी पुढे पांघरूण केलं. सासरे गेले. मग एकदा बैठकीची तारीख कळली नाही म्हणून मी आपणहून कचेरीत गेले, तर बैठक चालू होती आणि माझ्या जागी दुसरी बाई बसली होती. तरुण होती, हातात पर्स घट्ट धरून बसली होती. दारातल्या शिपायानं सांगितलं, "समिती नव्यानं झाली ना बाई. तुमाले कळवलं नाई का?" सचिवही नवे होते. आत इतिवृत्त वाचणं चाललं होतं. मी दारातूनच परत फिरले. मला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं, पण काहीच वाटलं नाही, आणि याचीच मला भीती वाटली.

त्यानंतर काही वर्षांनी ती मला वरठीच्या टेसनावर भेटली. मी नागपूरला निघाले होते. ती फलाटावर उभी होती, केस पांढरे झालेले, तुमसरच्या एका मिलमध्ये तांदूळ पाखडायला जात होती म्हणे. कुंकू होतं, पण अगदी बारीक. तिच्या बाजूला एक उंच पोरगा पत्र्याची पेटी घेऊन उभा होता. बापासारखाच सडपातळ. आणखी तीन-चार पोरं तशाच पेट्या घेऊन उभी होती, हसत, एकमेकांना ढकलत.

"मोठा," ती म्हणाली. "भरती झाला फौजेत."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. तिला कळलं.

"दुसरं काय होतं बाई?" ती म्हणाली. "शिकला होता, पण काम कोण देते? तोच एकटा जाऊन नाव देऊन आला. मले पास झाल्यावर सांगतलं."

पोरगा वाकून माझ्या पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि काही तरी पुटपुटले, काय ते आता आठवत नाही. त्यांची गाडी आली, माझी अजून यायची होती. पोरं पेट्या वर चढवून खिडकीशी गर्दी करून बसली. गाडी सुटल्यावर ती थोडी डब्याबरोबर चालली, मग थांबली.

"पलटण कुठं असन त्याची?" तिनं मला विचारलं. मी इतकी वर्षं समितीवर होते, मला ठाऊक असेल असं तिला वाटलं होतं.

"कळवतील," मी म्हटलं.

तिनं मान डोलावली. दोन वाजेपर्यंत मिलवर पोचायचं होतं, म्हणून ती पदर खोचून लगबगीनं निघाली.